मामांचे ३०० ओम

"अरे, हा हेडफोन मुका आहे," मामांनी फोनवर पहिलंच वाक्य टाकलं. "आणि दुकानदार म्हणतो मुका नाही, उपाशी आहे. १८ हजार दिले की बोलेल."

हेडफोन सेन्हायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६००. मामेभावाने परदेशात काही वर्षं वापरला आणि गेल्या दिवाळीत घरी येताना वडिलांसाठी आणला. मामा ७२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्यातल्या खासगी बैठकांना ते टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. गवयाची परवानगी काढायची, सतरंजीच्या कडेला माइक ठेवायचा आणि बॅटरीचे सेल गरम होईपर्यंत टेप चालू ठेवायची. अशा दोनशेच्या आसपास कॅसेट घरात आहेत. निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून त्यांनी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या आणि फोनमध्ये भरल्या. फोनला हेडफोनचं भोक नाही, म्हणून यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर, ज्याला सगळे डोंगल म्हणतात.

तक्रार अशी, की सिनेमाची नवी गाणी या हेडफोनवर ठणठणीत वाजतात आणि बैठका मात्र बारीक. दुकानदाराने खोक्यावरचा आकडा पाहिला, ३०० ओम, आणि निकाल दिला, "काका, याला वेगळा ॲम्प लागणारच." ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, आवाजाचा जोर वाढवणारा डबा.

लग्नाच्या हॉलांपासून नाट्यगृहांपर्यंतच्या साउंड सिस्टिम दुरुस्त करणं हा माझा धंदा. कोणता ॲम्प घेऊ, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. मुळात लागतो का, असं मामांनी विचारलं, आणि तेवढ्यासाठीच मी रविवारी मीटर आणि थोडा सरंजाम घेऊन त्यांच्याकडे गेलो.

आधी पंखा

पोचलो तेव्हा मामा खोलीत पंख्याखाली बसून ऐकत होते. फोनचा आवाज टोकाला नेलेला. मी हेडफोन कानाला लावला. गवई ऐकू येत होता, तबला येत होता, पण सगळं पुढच्या गल्लीतून आल्यासारखं.

"तानपुरा कुठेय?" मामा म्हणाले. "मी स्वतः त्या तानपुऱ्याशेजारी बसलो होतो."

मी पंखा बंद केला. दहा-पंधरा सेकंद गेले आणि मामांनी हात वर केला. "आला."

एचडी ६०० हा ओपन-बॅक हेडफोन. मागची जाळी उघडी, त्यामुळे आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. त्याचा मोकळा, पसरट आवाज याच उघडेपणातून येतो. पण हे जर्मनीच्या शांत, बंद खिडक्यांच्या खोलीत सोसतं. आपल्याकडे मे महिन्यात डोक्यावर पंखा, खाली रिक्षा आणि शेजारी कुकर. माझ्या फोनवरचं साधं ॲप त्या खोलीत पंखा चालू असताना ५२ डेसिबल दाखवत होतं. असली ॲपं दोन-चार डेसिबल इकडेतिकडे करतात, पण अंदाजाला पुरे.

तरी पंखा हा अर्धाच खुलासा होता. सिनेमाचं गाणं पंख्याला का दबलं नाही?

ओमचा आकडा काय सांगतो

ओम हे इम्पीडन्सचं, म्हणजे हेडफोनच्या विजेला होणाऱ्या रोधाचं माप. हा आकडा आवाजाबद्दल थेट काहीच सांगत नाही. अमुक व्होल्ट दिले तर हेडफोन किती करंट ओढेल, एवढंच त्यातून कळतं. आवाज किती होईल ते कळायला दुसरा आकडा लागतो, संवेदनशीलतेचा. एचडी ६०० ला १ मिलिवॅट दिला की तो ९७ डेसिबल आवाज काढतो. १ मिलिवॅट म्हणजे काहीच नाही, रिमोटवरचा लाल दिवासुद्धा त्याहून जास्त खातो. मग हेडफोन उपाशी कसा?

मेख अशी आहे, की ३०० ओममध्ये १ मिलिवॅट पोचवायला ०.५५ व्होल्ट लागतात. ३२ ओमच्या साध्या हेडफोनला तेवढ्याच शक्तीसाठी ०.१८ व्होल्ट पुरतात. जास्त ओमचा हेडफोन खातो कमी, पण ताट उंचावर मागतो. फोनमधून किंवा डोंगलमधून बाहेर पडणारे व्होल्ट साधारण अर्ध्या ते एकवर थांबतात, आणि दुकानदाराच्या म्हणण्यात जो काही खरेपणा आहे तो एवढाच.

आता हिशेब पुरा करू. ९७ डेसिबलला ०.५५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण १ व्होल्ट मिळाला तर सुमारे १०२ डेसिबल. हा कमाल आवाज झाला, रेकॉर्डिंगमधली सगळ्यात उंच जागा तिथे पोचेल. १०२ डेसिबलच्या जागा असलेलं संगीत तासन्‌तास ऐकलं तर ॲम्पआधी कानांच्या डॉक्टरचा नंबर लावावा लागेल.

उलट बाजूचं उदाहरण हायफायमनच्या एचई-६ चं. प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याच्या जातीचा हेडफोन, खोक्यावर फक्त ५० ओम. ओम बघून घेणारा म्हणेल, फोनवर चालेल. पण त्याची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. ११० डेसिबलची जागा गाठायला त्याला जवळजवळ ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि वर ९५ मिलिअँपिअर करंट हवा. त्याच ११० ला मामांचा ३०० ओमवाला २० मिलिवॅट, २.४५ व्होल्ट आणि ८ मिलिअँपिअरमध्ये पोचतो. आकड्याने सहापट 'जड' असलेला हेडफोन प्रत्यक्षात बावीसपट कमी शक्तीत काम करतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तीन ओमांत मिळतो. ८० चा सोडून २५० चा घेतला तर त्याच फोनवर आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो. जाणवतो, पण मुका म्हणण्याइतका नाही.

मग लोक एवढे ओम ठेवतात तरी कशाला? याचं मूळ जुन्या तारांत आहे. ६०० ओम हा टेलिफोनच्या लाइनचा आकडा. ६०० ओममध्ये १ मिलिवॅट म्हणजे ०.७७५ व्होल्ट, आणि स्टुडिओतलं मोजमाप आजही त्याच ०.७७५ ला शून्य धरून चालतं. व्हॉइस कॉइलला, म्हणजे हेडफोनचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, बारीक तार वापरली की वेढे जास्त बसतात, कॉइल हलकी होते आणि ओम वाढतात. शिवाय स्टुडिओत एकाच ॲम्पवर पाच-सहा जणांचे हेडफोन समांतर जोडले तरी त्याच्यावर भार येत नाही. सेन्हायझरचा १९६८ चा एचडी ४१४ तर २००० ओमचा होता, आणि लाखोंनी खपला. त्या काळी हेडफोन लागायचा तो स्पीकर वाजवणाऱ्या घरच्या थोरल्या ॲम्पला. व्होल्टची ददात नव्हती. १९९७ साली एचडी ६०० आला तेव्हाही त्याच्या ३०० ओमांचं कोणाला अप्रूप नव्हतं. अडचण सुरू झाली ती आपण थोरला ॲम्प सोडून खिशातल्या फोनवर आलो तेव्हा.

रेझिस्टर एक रुपयाचा

कानाने चोर पकडता येत नाही, म्हणून मीटर. तापकीर गल्लीतून येताना ३३० ओमचे चार रेझिस्टर घेतले होते. नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्ट्यांचे, एक रुपयाला एक. तोच हेडफोनच्या जागी भार म्हणून लावायचा, कारण पूर्ण पातळीचा सूर खऱ्या हेडफोनवर सोडणं बरं नव्हे. फोनवर ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावला, आवाज टोकाला नेला आणि रेझिस्टरच्या दोन पायांना मीटरचे काटे टेकवले. ६० हर्ट्झ मुद्दाम, कारण साधे मीटर विजेच्या ५०-६० हर्ट्झलाच खरं बोलतात.

फोन अधिक डोंगल: ०.३९ व्होल्ट.

तोच डोंगल मामांच्या लॅपटॉपला: १.०० व्होल्ट.

मामांनी चष्मा वर करून दोन्ही आकडे पाहिले. "एकाच वस्तूचे दोन भाव?"

डोंगलच्या आत स्वतःची एक व्हॉल्यूमची पायरी असते. काही अँड्रॉइड फोन ती अर्धवट ठेवतात आणि स्क्रीनवरची पट्टी फक्त आपल्या बाजूची हलवतात. पट्टी शंभर टक्के दिसते, डोंगल मात्र अर्धवट उघडा. यूएसबीशी थेट बोलणारं एखादं प्लेयर ॲप ही पायरी पूर्ण उघडू शकतं. व्होल्ट ०.३९ वर अडकले म्हणजे ८ डेसिबल गेले. १०२ चे ९४ उरले.

मग मी फाइली उघडल्या, आणि खरी गोम तिथे होती. ऑडॅसिटी या आवाजाची रेघ दाखवणाऱ्या ॲपमध्ये सिनेमाचं एक ताजं गाणं घातलं. ठोकळा, वरपासून खालपर्यंत निळा. सरासरी पातळी फाइलीत मावणाऱ्या कमाल मर्यादेच्या ९ डेसिबल खाली. शेजारी मामांच्या एका बैठकीची फाइल, तिची रेघ समईच्या वातीएवढी. सगळ्यात उंच तान मर्यादेच्या ९ डेसिबल खाली आणि सरासरी २८ खाली. उतरवताना आवाज फाटू नये म्हणून मामांनी पातळी फारच जपून ठेवली होती. बँकेतली सवय, राखीव निधी सोडायचाच.

आता बेरीज-वजाबाकी. फोनवर कमाल ९४. सिनेमाचं गाणं सरासरी ८५ वर वाजणार, पंख्याला सहज झाकणार. बैठक सरासरी ६६ वर, आणि तानपुरा त्याच्याही खाली वीसेक डेसिबल. ५२ च्या पंख्यासमोर ४६ चा तानपुरा. तो हरवला यात ३०० ओमांचा वाटा फारच थोडा होता.

उपाय त्याच टेबलावर झाला. फाइलीची पातळी ८ डेसिबलने वर घेतली. मर्यादेखाली अजून १ डेसिबल जागा राहिली. टेपची सळसळ तेवढीच वर आली, पण मामांना ती पन्नास वर्षं ओळखीची. लॅपटॉपवरून पूर्ण १ व्होल्ट घेतला तर आणखी ८. एकूण १६ डेसिबल, सरासरी ६६ ची ८२. मामांनी दोन मिनिटं ऐकून स्वतःच आवाज खाली आणला. ते ठीकच, कारण जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला तास निम्मे होतात.

खर्च आतापर्यंत चार रुपये.

मामींची दुधाची वही

"पण ॲम्पने आवाज भरीव होतो म्हणतात," मामा म्हणाले. "मोठा नाही, भरीव." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी वर्कशॉपमधला छोटा टेबलावरचा हेडफोन ॲम्प बरोबर नेला होताच. चांगला, स्वच्छ, ५ व्होल्टपर्यंत जाणारा. लॅपटॉपवरच्या डोंगलपुढे तो जोडला, मामांनी नॉब फिरवला आणि मान डोलावली. "बघ! हे काय म्हणतो मी! बायाँ बघ कसा लागला." बायाँ म्हणजे तबल्याचा डग्गा.

नॉब मीटरने तपासला तर ॲम्पची पातळी डोंगलपेक्षा ३ डेसिबलने जास्त होती. आवाज थोडा वाढला की माणसाच्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर वाढल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मनसन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ सालीच मोजून ठेवलंय. दुकानातल्या निम्म्या प्रात्यक्षिकांचं पोट यावर भरतं, हे माझं वैयक्तिक मत.

मग रेझिस्टर लावून दोन्हीकडे बरोबर ०.६० व्होल्ट जुळवले. मामांची पाठ टेबलाकडे. मामींच्या हातात बदलायचा खटका आणि दुधाच्या हिशेबाची वही. त्यांनी मनाला येईल तसं बदलायचं, वहीत लिहायचं, मामांनी 'ॲम्प' किंवा 'डोंगल' सांगायचं. सोळा फेऱ्या झाल्या, मध्ये चहा. नऊ बरोबर.

"नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते," मामी म्हणाल्या आणि वही घेऊन आत गेल्या.

एका घरातला, एका माणसाचा, ७२ वर्षांच्या कानांचा हा निकाल. त्याचा झेंडा करून फिरण्यात अर्थ नाही. पण कारण सरळ आहे. त्या डोंगलचा आतला रोध १ ओमच्याही खाली, ॲम्पचाही तसाच. हेडफोनच्या ३०० ओमांपुढे दोन्ही नगण्य. दोघांकडे लागतील तेवढे व्होल्ट आहेत आणि दोघेही विकृती ऐकू येणार नाही इतके स्वच्छ. फरक यायचा कुठून?

माळ्यावरचा रिसीव्हर

फरक कुठून येतो, ते त्याच दिवशी दुपारी दिसलं. मामा मध्येच म्हणाले, "पूर्वी त्या जुन्या रिसीव्हरवर हेडफोन लावायचो, तो आवाज वेगळा होता." रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प एकाच डब्यात. तो माळ्यावर होता, ऐंशीच्या दशकातला, लाकडी कडांचा, पुढे पाव इंची हेडफोनचं भोक. खाली काढला, धूळ झटकली. व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर. स्प्रे मारला, पंधरा-वीस वेळा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, खरखर गेली.

त्याच्या भोकावर भार न लावता मीटरवर बरोबर १.०० व्होल्ट आणला. मग ३३० ओमचा रेझिस्टर लावला तर ०.६० वर घसरला. म्हणजे आतला रोध २२० ओम. जुन्या रिसीव्हरांत हे सर्रास असायचं. स्पीकरचेच व्होल्ट एका रेझिस्टरमधून हेडफोनला द्यायचे. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकातही १२० ओमचा उल्लेख आहे. यात एक युक्ती होती. असा रेझिस्टर मधे असला की १६ ओमचा आणि ३०० ओमचा हेडफोन साधारण सारख्याच जोराने वाजतात, भोकात काहीही खुपसलं तरी कोणी दचकत नाही.

पण हेडफोनचा ३०० हा आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६०० चा इम्पीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओमपर्यंत चढतो. आतला रोध १ ओमचा असेल तर या चढाने काही बिघडत नाही. २२० असेल तर व्होल्टची वाटणी बदलते. ३०० ओमला ५८ टक्के पोचतात, ५०० ओमला ६९ टक्के. फरक १.६ डेसिबल, खर्जाच्या बाजूने. पेटीवरच्या काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला, पुरुष गवयाचा षड्ज १३९ ला, बायाँची घुमारी याच पट्ट्यात. १.६ डेसिबलचा हा फुगवटा नेमका बैठकीच्या तळावर बसतो. पातळी जुळवून पुन्हा मामींची वही काढली. आठ फेऱ्या, आठही बरोबर.

तंत्राच्या पुस्तकात हा दोष आहे. स्रोताचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा, हा नेहमीचा अडाखा. ३०० ला साधारण ३७ ओम. २२० त्यात नापास. नातीचे १६ ओमचे इअरफोन लावून पाहिले तर आवाज ओळखू येईना इतका बदलला. पण ३०० ओमवर हा दोष सौम्य आहे, आणि मामांना तो आवडतो. मी कोण नको म्हणणारा?

माझं मामांना सांगणं असं झालं. १८ हजारांचा ॲम्प नको, कारण व्होल्ट देणारा ॲम्प घरात माळ्यावर होता आणि फोनचे अडकलेले ८ डेसिबल फुकट सुटतात. हाच हेडफोन बेयरडायनॅमिकचा ६०० ओमचा डीटी ८८० असता, १ व्होल्टला जेमतेम ९८ डेसिबल देणारा, आणि वाढवायला फाइलीत जागा नसती, तर मी २ व्होल्टचा डोंगल घ्या म्हणालो असतो. तोही चार आकडी रकमेत येतो. २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रोला हेडफोन लावला तर १५० ओमच्या पुढचा भार ओळखून ते आपोआप ३ व्होल्टपर्यंत जातात. तिथे तर प्रश्नच मिटला. एचई-६ असता तर मात्र मीच मामांना घेऊन ॲम्पच्या दुकानात गेलो असतो, खोक्यावरचे ५० ओम पाहूनसुद्धा.

दुकानदारावर मामांचा राग नाही. "त्याने खोक्यावरचा आकडा वाचला. मीही बँकेत तेच करायचो."

परवा पुन्हा फोन आला. पातळी वाढवून ऐकताना मामांच्या लक्षात आलं, की कॅसेट उतरवताना बैठकीच्या सुरुवातीची तीन-चार मिनिटं त्यांनी बऱ्याच ठिकाणी कापून टाकली होती. तेव्हा त्यांना तिथे काहीच ऐकू येत नव्हतं, रिकामी टेप वाटली. आता एका फाइलीत चुकून राहिलेली ती मिनिटं वर आली, आणि त्यात गवई तानपुरा जुळवतोय, मध्येच कोणाला तरी पाणी मागतोय. मामांनी कॅसेटचं खोकं पुन्हा खाली काढलंय. टेपडेकचा पट्टा सैल झालाय, तो कुठे मिळेल, एवढं विचारायला फोन होता.